पहिला पगार द्यायच्या आधी हे वाचा: न्यू जर्सीतल्या मराठी धंदेवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत आणि आजूबाजूला जे कोणी पोळी-भाजीचे डबे देतायत, डेकेअर चालवतायत, डेंटिस्टची प्रॅक्टिस टाकलीय, ट्रक घेतलेत, पार्लर उघडलंय, किंवा आयटीतली नोकरी सोडून स्वतःची छोटी कन्सल्टिंग कंपनी काढून स्वतःलाच पगार सुरू केलाय, त्या सगळ्यांना हे पत्र. मी लोकांचं पेरोल, म्हणजे पगाराचं काम, आणि हिशेब बघते. सीपीए (म्हणजे इथला सीए) नाही, वकील तर अजिबात नाही, पण सीपीएला फोन लावायला लाज वाटते तेव्हा आपले लोक ज्यांना फोन करतात त्यातली मी एक. आणि फोन येतो कधी, तर जानेवारीत, कामगाराला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा डब्ल्यू-टू नावाचा कागद द्यायची वेळ आली की. "ताई, डब्ल्यू-टूवर पंधराव्या चौकटीत राज्याचा नंबर मागतायत, तो कुठून आणू?"

अहो, तो नंबर म्हणजे राज्याकडे मालक म्हणून नाव नोंदवल्याचा नंबर, तो माणूस कामावर लावायच्या आधी आणायचा असतो! वर्षभर त्या पोराला पगार दिलात, राज्याचे पैसे कापले की नाही ते कोणाला माहीत नाही, कापले असतील तर भरले कुठे ते तर त्याहून माहीत नाही, आणि डब्ल्यू-टू द्यायची 31 जानेवारी चार दिवसांवर आलीय. मग रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पे-स्टबचे, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्यांचे, फोटो. रागावू नका, पण यंदा सगळ्यांना आधीच सांगून ठेवतेय.

घोळ कुठे होतो तर अगदी सुरुवातीला. एलएलसी (छोट्या धंद्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली, राज्याला 125 डॉलर भरले, आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याच्या, साइटवरून ईआयएन हा धंद्याचा टॅक्स नंबर घेतला (तो फुकट आणि लगेच मिळतो, तरी लोक कुठल्यातरी तिसऱ्याच वेबसाइटला त्याचे पैसे देऊन येतात, का ते देव जाणे), बँकेत खातं उघडलं, झालं. भारतात 2020 च्या फेब्रुवारीपासून नवीन कंपनी काढताना त्याच फॉर्मात पीएफ आणि ईएसआयची नोंदणी होऊन जाते, आणि कंपनी महाराष्ट्रातली असेल तर प्रोफेशन टॅक्सचीपण, त्यामुळे जे आधी पुण्यात कंपनी काढून आलेत त्यांना वाटतं इथेही तसंच असणार. इथे तसं नाहीये. इथे एलएलसीचा कागद वेगळा, ईआयएन वेगळा, आणि राज्याकडे टॅक्ससाठी आणि एम्प्लॉयर म्हणून नाव नोंदवणं तिसरंच. न्यू जर्सीत त्यासाठी एनजे-रेग नावाचा फॉर्म आहे, ऑनलाइन भरता येतो, त्याला फी नाही, आणि कंपनी काढल्यापासून 60 दिवसांच्या आत भरायचा असतो. त्यात सरळ विचारलेलं असतं की तुम्ही पगार देणार का आणि कधीपासून. तेव्हा कामाला कोणीच नसतं म्हणून आपण 'नाही' लिहितो, जे बरोबरच आहे, पण सहा-आठ महिन्यांनी शनिवार-रविवारसाठी एक मुलगी ठेवली की परत जाऊन ते 'नाही'चं 'हो' करायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. बदल कळवायची वेगळी सोय आहे, ती वापरा. एका कॅलेंडर वर्षात पगाराचे हजार डॉलर झाले की तुम्ही अनएम्प्लॉयमेंटच्या, म्हणजे बेकारी विम्याच्या, कायद्यात एम्प्लॉयर झालात. हजार डॉलर! शनिवार-रविवारची मुलगी दोन महिन्यांत तिथे पोचते.

आणि त्या नंबराची अजून एक गंमत म्हणजे न्यू जर्सीचा टॅक्सपेयर नंबर बहुतेकदा तुमचा ईआयएनच असतो, पुढे तीन आकडे लावलेले, जास्त करून तीन शून्यं. त्यामुळे कोणीतरी हुशार मित्र सांगतो की अरे काही नाही, ईआयएनला तीन शून्यं लाव आणि टाक सॉफ्टवेअरमध्ये, चालतं. सॉफ्टवेअर घेतं पण, ते काही आत जाऊन बघत नाही. पैसे मात्र अशा खात्यावर जायला निघतात जे उघडलेलंच नाही, आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो.

"पण आमचं सगळं पेरोल कंपनीच बघते ना." हे वाक्य तर मी फ्रेम करून लावणार आहे. पेरोल कंपनी रिटर्न भरते, पैसे वळते करते, पण ते सगळं तुमच्या नावाच्या खात्यावर, आणि ते खातं असायला लागतं आधी. काही कंपन्या जास्तीचे पैसे घेऊन नोंदणीपण करून देतात, हरकत नाही, घ्या ती सेवा, पण मग लॉगिन कोणाचं, पत्ता कोणाचा, फोन नंबर कोणाचा ते बघा. मी असं खातं पाहिलंय ज्यावर जुन्या हिशेबनिसाचा पत्ता होता, तो माणूस गाव सोडून गेला, आणि राज्याची सगळी पत्रं त्याच्या रिकाम्या ऑफिसच्या पेटीत. अनएम्प्लॉयमेंट टॅक्सच्या दराची नोटीसपण त्यातच. न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंटचा दर 1 जुलै ते 30 जून असा चालतो, जानेवारी ते डिसेंबर नाही, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात नवीन दराचं पत्र येतं, आपण गावाला गेलेलो असतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच दर चालू राहतो. तो दर तुम्हाला जाऊन बदलावा लागतो. नवीन धंद्याला सुरुवातीची साधारण तीन वर्षं सगळ्यांसारखा ठरलेला दर, त्यानंतर तुमच्याकडून किती लोक सुटले आणि त्यांनी बेकारी भत्त्याचे किती क्लेम केले त्यावरून तुमचा स्वतःचा.

आता पैसे. यात लोक उगाच घाबरतात आणि घाबरून लपवतात म्हणून आकडे देते, 2025 चे. केंद्राचा अनएम्प्लॉयमेंट टॅक्स, ज्याला सगळे फ्युटा म्हणतात, तो प्रत्येक माणसाच्या पहिल्या 7,000 डॉलर पगारावर 6 टक्के, म्हणजे 420 डॉलर. पण तुम्ही राज्याचा अनएम्प्लॉयमेंट टॅक्स वेळेवर भरला असेल तर 5.4 टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि उरतात माणशी फक्त 42 डॉलर. म्हणजे राज्याची नोंदणी टाळून कोणी पैसे वाचवत असेल तर तो खरं तर 42 च्या जागी 420 भरायची तयारी करतोय. ही सूट उगाच नाही ठेवलेली. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात ही युक्ती मुद्दाम केली, की केंद्राने टॅक्स लावायचा आणि ज्या राज्यात स्वतःचा बेकारी विमा असेल तिथल्या मालकांना सूट द्यायची, मग कुठलं राज्य मागे राहणार? विस्कॉन्सिनने तर आधीच, 1932 मध्ये, स्वतःचा कायदा केला होता, बाकीची दोन वर्षांत रांगेत आली. म्हणूनच आज प्रत्येक राज्याचं वेगळं खातं, वेगळा दर, वेगळी साइट. आणि राज्याने केंद्राकडून घेतलेलं कर्ज फेडलं नाही तर ती सूटपण कमी होत जाते. कॅलिफोर्नियात कोविडच्या वेळचं कर्ज राहिल्यामुळे 2022 पासून दरवर्षी 0.3 टक्क्यांनी कमी होतेय, 2024 साठी तिथल्या मालकांना माणशी 42 ऐवजी 105 डॉलर भरायला लागले. त्यात त्या बिचाऱ्या मालकांचा काय दोष म्हणा.

न्यू जर्सीत राज्याचा हिस्सा मोठ्या पगारावर लागतो, 2025 ला मालकासाठी पहिले 43,300 डॉलर. आणि इथे कामगारही भरतो. सगळ्या अमेरिकेत कामगाराच्या पगारातून अनएम्प्लॉयमेंटसाठी पैसे कापणारी राज्यं तीनच, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि अलास्का. आपल्याकडे 2025 ला कामगाराचे 0.3825 टक्के अनएम्प्लॉयमेंटचे, 0.0425 वर्कफोर्सचे (कामगारांच्या प्रशिक्षणाच्या निधीचे), शिवाय आजारपणाच्या विम्याचे 0.23 आणि फॅमिली लीव्हचे (घरच्यांची काळजी घ्यायच्या रजेचे) 0.33, हे शेवटचे दोन तर 1,65,400 डॉलरपर्यंतच्या पगारावर. आता नीट ऐका. हे पैसे तुम्ही पगार देताना कापले नाहीत आणि पुढच्या पगारातही कापले नाहीत, तर कायद्याने ते मग तुमच्याच गळ्यात. वर्ष संपल्यावर त्या मुलीला "तुझे एवढे राहिलेत, दे" म्हणता येत नाही. म्हणजे उशिरा नोंदणी करणारा स्वतःचाही हिस्सा भरतो आणि तिचाही, वर दंड आणि व्याज.

पण मला जास्त राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आपल्यातले बरेच जण या टॅक्सकडे राज्याने मागितलेली खंडणी म्हणून बघतात. तो त्या कामगाराचा विमा आहे हो. तुम्ही दर तिमाहीला एनजे-927 हे राज्याचं पगाराचं रिटर्न भरता त्याबरोबर डब्ल्यूआर-30 हा फॉर्म जातो, त्यात प्रत्येक माणसाचं नाव, पगार आणि किती आठवडे काम केलं ते असतं. उद्या तुमचं दुकान बसलं आणि तुमच्याकडे काम करणारी बाई बेकार झाली तर राज्य पहिल्यांदा तेच कागद उघडतं. 2025 च्या क्लेमला आठवड्याला किमान 303 डॉलर मिळालेले असे 20 आठवडे दिसायला हवेत, नाहीतर एकूण 15,200 डॉलर. दिसले तर सरासरी पगाराच्या 60 टक्के, आठवड्याला जास्तीत जास्त 875, आणि 26 आठवड्यांपर्यंत. नाही दिसले तर ती बाई आधी तुमच्याकडे काम करत होती हे सिद्ध करत बसणार, आणि तेव्हा राज्य तुमच्या दारात येणारच आहे, क्लेम हाच तर बहुतेकांना पकडायचा रस्ता आहे.

आठवा 2020 चा मार्च. किचन बंद, पार्लर बंद, डेकेअर बंद. ज्यांचे पगार कागदावर होते त्यांना राज्याचा बेकारी भत्ता आणि वर जुलैपर्यंत केंद्राचे आठवड्याला 600 मिळाले. ज्यांना लिफाफ्यातून रोख मिळत होते त्यांच्याकडे दाखवायला काय होतं? आणि मालकांनी पीपीपीचं, म्हणजे कोविडमध्ये पगार चालू ठेवायला केंद्राने दिलेलं, कर्ज मागितलं तेव्हा बँकेने पहिल्यांदा पेरोलचे रिटर्नच मागितले. रोख देणाऱ्या मालकाने तेव्हा काय वाचवलं ते त्याने स्वतःच मोजावं.

"नाही नाही, रोख नाही, ती टेन-नाइंटी-नाइनवर आहे." बरं, म्हणजे कामगार नाही, स्वतंत्र कंत्राटदार. ती तुमच्या किचनमध्ये येते, तुम्ही सांगाल त्या वेळेला येते, तुमच्या कणकेच्या पोळ्या तुमच्याच तव्यावर लाटून भाजते, आणि पोळ्या हाच तुमचा धंदा आहे. न्यू जर्सीत माणूस मुळात एम्प्लॉयीच धरला जातो, तो नाही हे मालकाने सिद्ध करायचं, तेही तीन गोष्टी एकदम: तुमचा ताबा नाही, काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे किंवा तुमच्या जागांच्या बाहेर होतं, आणि त्या माणसाचा स्वतःचा वेगळा धंदा आहे. तीनपैकी एक जरी हुकली तरी एम्प्लॉयी. 2020 च्या जानेवारीत इथले कायदे अजून कडक झाले, माणशी दंड आहे, शिवाय त्या कामगाराला त्याच्या वर्षभराच्या कमाईच्या 5 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लावता येते. तुमचा वेबसाइटवाला, ज्याचे अजून दहा गिऱ्हाईक आहेत, तो टेन-नाइंटी-नाइन. पोळ्यावाल्या काकू नाहीत.

घरच्यांचं वेगळं. तुमचा धंदा एकट्याच्या नावावर असेल, एलएलसी-कॉर्पोरेशन काही नाही, तर बायकोला किंवा नवऱ्याला दिलेल्या पगारावर फ्युटा लागत नाही, 21 वर्षांखालच्या मुलांच्याही नाही. पण कंपनी कॉर्पोरेशन झाली, एस-कॉर्प (जिचा नफा मालकाच्या रिटर्नमध्ये जातो अशी कॉर्पोरेशन) झाली, की नातं संपलं, कंपनीला बायको नसते. आणि एस-कॉर्पवाल्या आयटी बंधूंनो, तुम्ही स्वतःला पगार काढता ना, मग तुम्हीच तुमचे पहिले एम्प्लॉयी, तुमच्यासाठीच ही सगळी नोंदणी लागते. "माझ्याकडे कोणीच नाही, मी एकटाच" हे उत्तर चालत नाही. आणि भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना गल्ल्यावर बसवू नका. ते टॅक्सचं प्रकरणच नाहीये, त्यांना इथे काम करताच येत नाही, पगार न देताही नाही. सांगून ठेवते.

आता राज्यांच्या सीमा, कारण घरून काम सुरू झाल्यापासून सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. साधं सूत्र धरा, बेकारी विमा माणूस बसून काम करतो त्या राज्यात, तुमची एलएलसी कुठे आहे किंवा तुम्ही चेक कुठून पाठवता याला अर्थ नाही. काम दोन-तीन राज्यांत विभागलेलं असेल तर क्रमाने बघतात, काम मुख्यतः कुठे होतं, मग त्याचा तळ कुठे, मग त्याला सूचना कुठून मिळतात, आणि शेवटी तो राहतो कुठे. इन्कम टॅक्सचे नियम मात्र निराळे आणि दोन्ही एकत्र केले की झालीच खिचडी. उदाहरणार्थ डेलावेअर नदीपलीकडे यार्डलीत राहणारा मुलगा तुमच्या प्रिन्स्टनजवळच्या दुकानात येतो. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियाचा आपसात करार आहे, त्याने तुम्हाला एनजे-165 हा फॉर्म भरून दिला की त्याच्या पगारातून न्यू जर्सीचा इन्कम टॅक्स कापायचा नाही, तो त्याच्या राज्याला भरेल. पण अनएम्प्लॉयमेंट, आजारपण, फॅमिली लीव्ह सगळं न्यू जर्सीचंच, कारण काम इथे होतंय. तोच मुलगा उद्या यार्डलीतल्या घरूनच तुमचं काम करायला लागला तर पेन्सिल्व्हेनियात तुमची नोंदणी, तिथलाच बेकारी विमा, आणि तिथल्या गावाचा लोकल टॅक्सपण.

न्यू यॉर्कची तऱ्हा याहून न्यारी. कंपनी मॅनहॅटनमध्ये, माणूस एडिसनला घरी बसून. न्यू यॉर्क म्हणतं की तो स्वतःच्या सोयीसाठी घरून करतोय, म्हणून इन्कम टॅक्स आमचाच कापा. पण पूर्ण वेळ घरूनच काम असेल तर बेकारी विमा न्यू जर्सीचा. 2003 मध्ये न्यू यॉर्कच्या सगळ्यात वरच्या कोर्टासमोर असंच प्रकरण आलं होतं, न्यू यॉर्कच्या कंपनीसाठी फ्लोरिडातल्या घरून कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, आणि कोर्टाने सांगितलं की ती जिथे शरीराने बसलीय तिथलं राज्य, न्यू यॉर्कचा भत्ता तिला नाही. म्हणजे एकाच पे-स्टबवर इन्कम टॅक्स एका राज्याचा आणि अनएम्प्लॉयमेंट दुसऱ्याचं, आणि ते बरोबर आहे, चुकून झालेलं नाही. लोक घाबरून ते 'दुरुस्त' करतात आणि तिथे वाट लागते.

लांबच्या राज्यांचं थोडक्यात. टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही म्हणून नोंदणीच नको असं समजू नका, तिमाहीत 1,500 डॉलर पगार झाला की तिथल्या वर्कफोर्स कमिशनकडे दहा दिवसांत नाव नोंदवायचं. कॅलिफोर्नियात तर तिमाहीला 100 डॉलरच्या वर गेलात की पंधरा दिवसांत. वॉशिंग्टनमध्येही इन्कम टॅक्स नाही पण कामावर दुखापत झाल्याचा विमा राज्याकडूनच घ्यावा लागतो आणि तो बहुतेक तासांवर मोजतात, त्यामुळे पगारी माणसाचेही तास लिहा. (न्यू जर्सीत हा विमा खासगी कंपनीकडून घ्यायचा असतो, तो सक्तीचा आहे, आणि त्याचा एनजे-रेगशी संबंध नाही. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही.) सिअ‍ॅटलला किंवा डॅलसला कोणी पोरगा कामाला घेताय तर ऑफर लेटर पाठवायच्या आधी त्या राज्यात खातं उघडायला घ्या, काही ठिकाणी नंबर यायला आठवडे जातात आणि तोपर्यंत पहिला पगार येऊन उभा राहतो. आणि नवीन माणूस घेतल्यापासून जास्तीत जास्त वीस दिवसांत त्याची माहिती राज्याला कळवायची, हे सगळीकडे. 1996 च्या कायद्याने आलं ते, पोटगी बुडवणाऱ्या बापांना शोधण्यासाठी, पण भरायचं सगळ्यांनीच.

तारखांमध्ये एक खाच आहे. केंद्राचा 941, म्हणजे पगारावरच्या टॅक्सचा तिमाही फॉर्म, तिमाहीनंतरच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी असतो, न्यू जर्सीचा मात्र 30 तारखेला. म्हणजे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत राज्याचा एक दिवस आधी. 31 ला दोन्ही एकदम भरू म्हणणारे तिथेच अडकतात. आणि तिमाहीत पगार शून्य असेल तरी शून्याचं रिटर्न जातंच, गप्प बसलात तर राज्य स्वतःच अंदाजाने आकडा लावून बिल पाठवतं.

मराठी मंडळांच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. अधिवेशनात बिझनेसचं सत्र असतं, त्यात दरवेळी मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकतो आपण, छान असतात, पण त्यातला एक तास पेरोलच्या नोंदणीला द्या, स्क्रीनवर एनजे-रेग उघडून भरून दाखवा. ऑक्टोबरात ठेवलात तर उत्तम, जानेवारीत कोणाला वेळ नसतो, मला तर नाहीच.

आणि ज्यांनी धंदा बंद केलाय त्यांनी प्लीज खातंपण बंद करा. दुकानाची पाटी उतरवली, लीज सोडली, बँकेचं खातं बंद केलं, पण राज्याला कोणी कळवलं नाही तर राज्याच्या लेखी तुम्ही अजून पगार देताय, आणि दर तिमाहीला रिटर्नची वाट बघणं चालूच. शेवटचा पगार कोणत्या तारखेला दिला ते कळवा, शेवटचं रिटर्न भरा, एलएलसी बंद केल्याचा कागद वेगळा द्या. घर बदललं असेल तर पत्ता आधी बदला, नाहीतर बंद झाल्याचं पत्रसुद्धा जुन्या घरच्या नव्या लोकांकडे जाईल.

तुमची,
एडिसनची पेरोलवाली ताई